चन्नबसप्पांच्या घरातला आकडा

मृत्युंजय हुडगेला पोस्ट-डॉक मिळालं, ही बातमी त्याच्या बायकोनं, उज्वलानं, सकाळी दूध घेताना घरमालकीण कस्तुराबाईंना सांगितली आणि दुपारपर्यंत नांदेडच्या त्या गल्लीत मृत्युंजय टपाल खात्यात लागलेला होता. संध्याकाळी कस्तुराबाई आरडीचं पासबुक घेऊन वर आल्या. पोस्टातल्या माणसाला पासबुकावर एक नजर टाकायला काय जातं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पोस्टातल्या माणसाच्या बाबतीत ते खरंही होतं.

"मावशी, ते पोस्ट वेगळं," मृत्युंजय म्हणाला. "हे पीएच.डी.च्या पुढचं. सरकार पैसे देतं, आपण विद्यापीठात राहून संशोधन शिकायचं."

"आजून शिकायचंच ऱ्हायलंय का?" कस्तुराबाईंनी काळजीनं विचारलं. त्यांची नजर मृत्युंजयच्या कपाळावर होती, जे आता बरंच मागं सरकलं होतं.

मृत्युंजयनं मग विषय सोपा करायचं ठरवलं. शिकलेल्या माणसानं विषय सोपा करायला घेतला की पुढचं सगळं अवघड होतं, हे त्याला त्या वेळी माहीत नव्हतं. "कॅन्सरच्या पेशंटला दवाखान्यात लाईट देतात की नाही? तसले किरण. ते आपल्या घरात, भिंतीत, फरशीतसुद्धा थोडे थोडे असतात. ते किती आहेत आणि माणसाला त्याचं काही होतं का, ते बघायचं."

कस्तुराबाईंनी त्यातला ओळखीचा शब्द तेवढा उचलला. दुसऱ्या दिवशी मृत्युंजय लाईटवाला झाला. त्यानं ती चूक दुरुस्त केली नाही. टपालापेक्षा लाईट विषयाच्या जास्त जवळ आहे, एवढाच विचार त्यानं केला.

शिष्यवृत्ती एका वर्षाची होती. वर्ष संपताना दिल्लीहून कमिटी येणार, काम बघणार आणि पटलं तर आणखी दोन वर्षं देणार. नाही पटलं तर लातूर. लातूर म्हणजे उज्वलाचा भाऊ अमरनाथ, आणि अमरनाथ म्हणजे त्याचे कोचिंग क्लासेस. त्याला फिजिक्सचा मास्तर हवा होता आणि पीएच.डी. झालेला दाजी घरातच पडून आहे, हे त्याला बघवत नव्हतं. मृत्युंजयचे वडील चन्नबसप्पा, ज्यांचं लातुरात डाळीचं दुकान होतं, ते या बेतात पूर्ण सामील होते. पोरगा लातुरात शिकवायला लागला की घरी राहणार, म्हणून त्यांनी माडीवरच्या खोलीला रंगही देऊन घेतला होता. अमरनाथ तर आणखी पुढं गेलेला. त्यानं फ्लेक्स छापून तयार ठेवला होता. त्यावर मृत्युंजय हाताची घडी घालून उभा होता आणि मागं एक अणू फिरत होता. फ्लेक्सवर मृत्युंजयला भरपूर केस होते.

मृत्युंजयला ते नको होतं. शिकवण्यात कमीपणा आहे असं त्याला वाटत नसे. पण आपल्या भागातल्या घरांमधले किरण आजवर कुणी धड मोजलेले नाहीत आणि ते आपण मोजतोय, या विचारानं त्याला रोज सकाळी विद्यापीठात जावंसं वाटायचं. असं वाटायला लागल्यावर माणसाला दुसरीकडे कुठं बसवणं कठीण असतं.

पैसे मंजूर होते, म्हणजे मिळाले होते असं नाही. ते विद्यापीठाच्या लेखा विभागात येऊन बसले होते आणि त्यांच्यावर बुद्धप्रिया मॅडमची नजर होती. बुद्धप्रिया मॅडम अत्यंत सरळ बाई. त्यांच्या टेबलावरून कधी एक रुपया वाकडा गेला नव्हता, आणि सरळ जायलाही त्याला वेळ लागायचा.

"सर, हे पैसे 'प्रशिक्षण' या सदरात आलेत," त्या म्हणाल्या. "प्रशिक्षणाला हजेरीपट लागतो, बॅनर लागतो, चहा-नाष्ट्याचं बिल लागतं आणि गटाचा फोटो लागतो."

"मॅडम, हे तसलं प्रशिक्षण नाही. पोस्ट-डॉक्टरल ट्रेनिंग असं नाव आहे फक्त."

"ट्रेनिंग म्हणजे प्रशिक्षणच ना?"

"हो, पण..."

"प्रशिक्षणार्थी किती?"

"मी एकटाच."

मॅडमनी जरा विचार केला. "एक असला तरी चालेल. किमान किती असावेत, असं कुठं लिहिलेलं नाही."

तेव्हा भौतिकशास्त्र विभागाच्या हॉलमध्ये एका प्रशिक्षणार्थ्याची कार्यशाळा पार पडली. बॅनर लागला. मृत्युंजयनं समई पेटवली, प्रास्ताविक केलं आणि ते ऐकलं. पोहे आले. सहा प्लेटच्या खाली पाठवत नाही असं कॅन्टीनवाला म्हणाला, म्हणून सहा प्लेट. फोटो निघाला. त्याखाली मॅडमनी नियमाप्रमाणे स्वतःच्या हातानं लिहिलं, 'डावीकडून पहिले, डॉ. हुडगे.' त्यानंतर पैसे सुटले आणि मोजणीचे बिल्ले आले.

बिल्ला म्हणजे प्लॅस्टिकच्या पाकिटातली एक चकती. ती घरात तीन महिने टांगून ठेवायची. घरात जे काही किरण असतील ते ती साठवून घेते. मग ती काढून यंत्रात घातली की आकडा येतो. काम इतकं सोपं. फक्त लोकांनी ती टांगू द्यायला हवी आणि नंतर तिला हात लावता कामा नये.

मृत्युंजयनं आपल्याच गल्लीपासून सुरुवात केली. पहिल्याच दारात तो नम्रपणे म्हणाला, "मी विद्यापीठाकडून आलोय. तुमच्या घरातला आकडा घ्यायचा आहे."

दार लागलं. दुसऱ्या दारातही तेच झालं. तिसऱ्या घरातल्या माणसानं त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि "साहेब, आमचा आकडा न्हाई, शेजाऱ्याचा हाय," असं हळू आवाजात सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या खांबावरच्या तारांना टाकलेले सगळे आकडे उतरले. निम्मी गल्ली अंधारात गेली. एप्रिल महिना होता आणि कूलर बंद पडले. लाईटवाला आकडे शोधत फिरतोय, हे कस्तुराबाईंनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"सर, असं भाडेकरूनं करावं का?" कस्तुराबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "आधी घरात तरी सांगायचं."

"मावशी, तुमचाही होता?"

"थोडाच. कूलरपुरता."

लाईट ऑफिसचा एक माणूस दोन दिवसांनी खास भेटायला आला. आम्ही वर्षभर फिरून जे झालं नाही ते तुम्ही एका दिवसात केलं, असं म्हणून त्यानं मृत्युंजयचा हात हातात घेतला. हे हस्तांदोलन गल्लीनं पाहिलं. त्यानंतर आठ दिवस मृत्युंजयशी कुणी बोललं नाही आणि किराणा दुकानदार त्याच्या तुरीच्या डाळीत खडे मिसळतो असा उज्वलाचा संशय होता.

शेवटी उज्वलानंच ते निस्तरलं. ती घरोघर गेली, "आकडा हा शब्द काढायचा नाही" अशी मृत्युंजयला तंबी दिली आणि बायकांना सांगितलं की घरातली हवा आणि भिंती तब्येतीला चांगल्या आहेत का, ते हा बिल्ला फुकट सांगतो. बिल्ले लागले. एका घरात बिल्ला देवघरात लागला आणि त्याला रोज हळदकुंकू वाहिलं जाऊ लागलं. मृत्युंजयनं तो फक्त अगरबत्तीपासून थोडा लांब सरकवून घेतला.

नांदेडची घरं झाल्यावर त्यानं लातूरचीही घेतली. आई-वडिलांच्या घरापासून सुरुवात करणं ओघानं आलं. बिल्ला बैठकीच्या खोलीत टांगताना चन्नबसप्पा गादीवर लोडाला टेकून बघत होते.

"ह्यातनं काय निघंल म्हनायचं?"

"आकडा निघेल, अप्पा. तो कमिटीला दाखवायचा."

"आनि मग कमिटी पास करणार?"

"काम चांगलं दिसलं तर करेल."

चन्नबसप्पांनी मान हलवली. लातूर हे गाव कसं आहे, ते इथं सांगायला हवं. या गावात सकाळी तुरीचा भाव किती निघाला ते विचारतात आणि संध्याकाळी पोराला मार्क किती पडले ते. दोन्हींत आकडा मोठा असला की घरात पेढे येतात. लहान आकड्याचा कुणाला आनंद झाल्याचं चन्नबसप्पांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. त्यात मधल्या काळात नांदेडचे पहिले निकाल यायला लागले आणि फोनवर मृत्युंजय एकदा बोलून गेला की आकडे फारच साधे येत आहेत, कमिटीला त्यात विशेष काही वाटणार नाही. अमरनाथनं ते ऐकलं आणि चन्नबसप्पांना भाषांतर करून सांगितलं, "दाजीचा आकडा कमी पडायलाय. दोन महिन्यांत इथं येतेत बगा."

कमिटी यायच्या आधीच्या आठवड्यात लातूरचे बिल्ले यंत्रात गेले. सगळे साधे. मग घरचा बिल्ला गेला आणि पडद्यावर जो आकडा आला तो मृत्युंजयनं खुर्ची पुढं ओढून पुन्हा वाचला. शेजारच्या घरात होता त्याच्या कितीतरी पट. त्यानं यंत्र तपासलं, पुन्हा तपासलं, यंत्र ठीक होतं. म्हणजे त्याचे आई-वडील चाळीस वर्षं ज्या घरात झोपत होते, त्या घरात काहीतरी भयंकर होतं.

असं काही सापडलं तर कमिटीला ताबडतोब कळवायचं, हा नियम होता. त्यानं कळवलं. दिल्लीहून वर्षभरात एकाही पत्राला महिन्याच्या आत उत्तर आलं नव्हतं. या पत्राला तासाभरात आलं. कमिटीच्या अध्यक्षबाईंनी स्वतः लिहिलं होतं की हे फार महत्त्वाचं आहे, आम्ही येतच आहोत आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीबद्दल सर्वांचं मत अनुकूल आहे. मृत्युंजयनं ते दोनदा वाचलं. त्याला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. मग तो लातूरच्या बसमध्ये बसला.

घरी पोचल्या पोचल्या त्यानं आईला, गंगम्माला, बाहेर काढलं. "अव्वा, आत्ताच्या आत्ता अमरनाथकडे चला. अप्पा, उठा."

"जेवल्याबिगर?" गंगम्मा म्हणाली.

"तिथं जेवू."

"कायला पन? घराला काय झालंय?" चन्नबसप्पांनी विचारलं.

"भिंतीतून किरण निघतायत. आकडा फार मोठा आलाय."

"मोठा आला?" चन्नबसप्पांचा चेहरा उजळला. "किती मोठा?"

"फार मोठा, अप्पा. उठा आधी."

"मग पास झालास की."

मृत्युंजयला वाटलं, धक्क्यानं वडिलांना काही सुचत नाही. त्यानं त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं. भर दुपारी चन्नबसप्पा सहकुटुंब घर सोडून चालले, हे आळीनं पाहिलं आणि रिक्षा कोपऱ्यावर जाईपर्यंत कारणही ठरवलं. घरात विषारी गॅस निघाला, असं थोड्या लोकांचं मत होतं. जमिनीतून सोनं निघालं, म्हणून किरण फाकले, असं बाकीच्यांचं. दुसरा पक्ष मोठा होता आणि तो संध्याकाळी घराभोवती फेऱ्या मारू लागला. पहिल्या पक्षानं दुकानातली डाळ घेणं बंद केलं.

अमरनाथच्या घरी मृत्युंजयनं सगळ्यांना समोर बसवलं आणि या आकड्याचा अर्थ सांगितला. इतके किरण वर्षानुवर्षं अंगावर पडले तर कॅन्सर होऊ शकतो. घर कदाचित कायमचं सोडावं लागेल. अव्वाच्या आणि अप्पांच्या तपासण्या कराव्या लागतील. गंगम्मा पदराला डोळे पुसायला लागली.

चन्नबसप्पांनी पगडी काढून मांडीवर ठेवली.

"आकडा मोठा येनं वाईट असतंय का रं ह्यात?"

"वाईटच असतं, अप्पा."

"मला वाटलं मार्कावानी."

मृत्युंजय त्यांच्याकडं बघायला लागला. "अप्पा, तुम्ही त्या बिल्ल्याला हात लावला होता का?"

"हात न्हाई लावला. रुमालात धरून नेलो." चन्नबसप्पांनी घसा साफ केला. "आपला मल्लिकार्जुन न्हाई का, एक्स-रे काढतोय त्यो? त्याच्याकडं गेलो. म्हनलं, पोराचा आकडा कमी पडायलाय, ह्याच्यावर जरा किरण मार. सात डाव मारला. पैसे बी घेतला न्हाई, घरचा मानूस."

म्हणजे भिंतीत काही नव्हतं. घर ठीक होतं, अव्वा ठीक होती. मृत्युंजयला इतकं हलकं वाटलं की तो हसायलाच लागला, आणि हसता हसता त्याला कळलं की आता पुढची दोन वर्षंही गेली.

"पण अप्पा, मी इथं यावं म्हणून तुम्हीच तर खोली रंगवून घेतलीत," तो म्हणाला. "मी नापास झालो असतो तर घरीच आलो असतो."

"आला असतास की," चन्नबसप्पा म्हणाले. "तू घरी आलेला मला पायजेच. पन तोंड पाडून आलेला नगं. तसलं तोंड रोज समोर घेऊन मला जेवन गेलं नसतं."

अमरनाथ उठून पाणी आणायला गेला, कारण त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

कमिटीच्या दिवशी नांदेडला जाताना चन्नबसप्पा बसमध्ये शेजारी येऊन बसले. नको म्हटलं तरी ऐकेनात. केलंय म्या, सांगनार बी म्याच, असं त्यांचं म्हणणं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. मृत्युंजय खिडकीबाहेर बघत होता. मुदतवाढीचं पत्र अजून त्याच्याजवळ होतं. घर पुन्हा तपासायला वेळ लागेल, एवढंच जरी तो कमिटीला म्हणाला असता तरी ते खोटं ठरलं नसतं, आणि तेवढ्यात मंजुरीची सही झाली असती. हा विचार त्यानं लोह्यापासून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत केला. वडील तेवढा वेळ शेजारी पगडी सरळ करत होते. खोटं बोलायला जी सवड लागते ती त्यांनी त्याला दिली नाही.

बंद खोलीत टेबलापलीकडे तिघं बसले होते. मृत्युंजय उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला की लातूरचा मोठा आकडा रद्द समजावा, तो बिल्ला माझ्या वडिलांनी एक्स-रेखाली धरला होता. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. वडील कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. वडील दारातच होते.

"आप ने ऐसा क्यों किया?" बाईंनी विचारलं.

"लडके का आकडा कम पडरा था," चन्नबसप्पा म्हणाले. निजामाच्या काळातली हिंदी त्यांच्या घरात अजून टिकून होती. "इसकू कुछ मालूम नई. सात बार मारे."

बाईंनी शेजारच्या सदस्याकडं पाहिलं. त्यानं कागद ओढला, एका एक्स-रेचे किरण साधारण किती, ते मांडलं आणि आलेल्या आकड्याला त्या आकड्यानं भागलं. "सात नहीं," तो म्हणाला. "नौ आ रहा है."

चन्नबसप्पा छताकडं बघायला लागले. "दो बार मल्लिकार्जुन अपने मन से मारा," ते म्हणाले. "बोला, लेव काका, फुकट है."

तिघंही थोडा वेळ कागदात डोकं घालून बसले. मृत्युंजयला वाटलं, ते रागावले आहेत. प्रत्यक्षात अध्यक्षबाईंना बोलता येत नव्हतं इतकं हसू आलं होतं. मग त्यांनी त्याला आणि वडिलांना बाहेर थांबायला सांगितलं.

अर्ध्या तासानं मृत्युंजयला एकट्याला आत बोलावलं. बाहेर येईपर्यंत चन्नबसप्पा व्हरांड्यातल्या बाकावर ताठ बसून होते.

"काय म्हनली बाई?"

"म्हणाल्या, यंत्र आणि बिल्ले अगदी बरोबर मोजतात, हे सिद्ध झालं. बाकीच्या घरांचे आकडे साधे आहेत म्हणजे ती घरं चांगली आहेत, आणि तेही कुणीतरी सांगायला हवंच होतं." मृत्युंजय त्यांच्या शेजारी बसला. "दोन वर्षं दिली, अप्पा. फक्त लिहून दिलंय, लातूर वगळून."

"वगळून म्हंजे?"

"लातूरच्या घरांत मी मोजायचं नाही. तिथं माझे नातेवाईक फार आहेत."

"लातूर वगळून," चन्नबसप्पा स्वतःशी म्हणाले. अख्खं गाव वगळलेलं त्यांना आधी आवडलं नाही. मग त्या शब्दाचा दुसराही अर्थ त्यांच्या ध्यानात आला. माडीवरची खोली आता रिकामी राहणार होती आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं.

"बरं झालं," ते म्हणाले. नंतर मृत्युंजयच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "सनाला तरी येशील का न्हाई?"

"येईन की, अप्पा."

"ये. बिल्ला न आनता ये."